चिडाच्या सुयांतील अन्नद्रव्ये: बियाण्याचा वाटा किती आणि जागेचा किती?

अमळनेरच्या आणि सध्या हिमाचल प्रदेशात वनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला सविस्तर प्रश्न पाठवला आहे. तिने चिडाच्या, म्हणजे हिमालयातील चिर पाइनच्या, दोन नैसर्गिक जंगलांतून सुयांचे (म्हणजे त्याच्या सुईसारख्या पानांचे) नमुने गोळा केले. खालच्या उंचीवरच्या जंगलातील नमुने दिवाळीनंतर नोव्हेंबरात घेतले आणि वरच्या जंगलातील नमुने रस्ता सोयीचा झाल्यावर मे महिन्यात घेतले. खालच्या जंगलातील सुयांत नत्र, स्फुरद आणि पालाश जास्त निघाले, तर वरच्या जंगलातील सुयांत कॅल्शियम ठळकपणे जास्त निघाले. हा फरक झाडांच्या आनुवंशिकतेचा आहे की जागेचा, ज्या झाडांच्या सुयांत अन्नद्रव्ये जास्त आहेत त्यांचेच बी पुढील लागवडीसाठी निवडावे का, आणि जळगावकडील केळी-मोसंबीच्या पान परीक्षणाचा अनुभव पाइनला लागू पडतो का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. माझी उमेदीची वर्षे खानदेशातील माती आणि पानांचे नमुने तपासण्यात गेली असल्यामुळे उत्तराची सुरुवात मी तिसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची किल्ली तिथेच आहे.

रावेर, यावल या पट्ट्यात आज बहुतांश केळी ग्रँड नैन या एकाच वाणाची, ऊतीसंवर्धित रोपांची आहे. ऊतीसंवर्धनात क्वचित एखादे वेगळे रोप निपजते, ते सोडले तर एका बागेतले रोप आणि दहा कोसांवरच्या दुसऱ्या बागेतले रोप आनुवंशिकदृष्ट्या एकच असते. तरीही तापीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीतील पानांचा अहवाल आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीतील पानांचा अहवाल शेजारी ठेवले, तर पालाश, जस्त आणि मॅग्नेशियम यांचे आकडे ओळखू येणार नाहीत इतके वेगळे असू शकतात. येथे वाण स्थिर आहे, म्हणून जो फरक दिसतो तो जमीन, पाणी, खत आणि बागायतदाराचा हात यांचाच आहे, असे आपण निःशंकपणे म्हणू शकतो.

आता उलटे उदाहरण पाहा. भडगाव-पाचोऱ्याकडे मोसंबीची एक बाग मी पाहिली होती. रोपे कमी पडल्यामुळे मालकाने अर्धी रोपे एका रोपवाटिकेतून आणि अर्धी दुसरीकडून आणली होती. डोळे एकाच जातीचे होते, पण खुंट (ज्या मुळाच्या रोपावर डोळा बांधतात ते रोप) वेगवेगळे होते. जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठाच्या वर. तिसऱ्या वर्षी एका बाजूच्या ओळी हिरव्यागार राहिल्या आणि दुसऱ्या बाजूच्या ओळींत नव्या पालवीच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा पडला, म्हणजे लोहाच्या कमतरतेचे अगदी पुस्तकी लक्षण दिसले. मालकाचा प्रश्न अहिराणीत होता: "वावर एकच, पानी एकच, मंग ह्या झाडे पिवया काबर पडनात?" उत्तर खुंटात होते. चुनखडीच्या जमिनीत रंगपूर लिंबाचा खुंट लोह मिळवण्यात बराच तग धरतो आणि तीन पानी संत्र्याचा खुंट अशा जमिनीत लगेच हार मानतो. इतर बरेच खुंट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतात. येथे जागा स्थिर आहे, म्हणून फरक आनुवंशिकतेचा आहे.

या दोन बागांनी दोन वेगळी उत्तरे दिली, कारण प्रत्येक बागेत दोनपैकी एक गोष्ट आपोआप बांधली गेली होती. तुमच्या नमुन्यांत मात्र दोन्ही गोष्टी मोकळ्या आहेत. खालच्या जंगलातील झाडे खालच्याच बियांची आहेत आणि खालच्याच मातीत उभी आहेत. वरच्या जंगलाचेही तसेच. बी आणि जागा एकमेकांना गाठ मारल्यासारखी जोडलेली असताना कितीही झाडांच्या सुया तपासल्या, तरी ती गाठ सांख्यिकीने सुटत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की या आकड्यांवरून बियाण्याचा आणि जागेचा वाटा वेगळा काढता येणार नाही, आणि तसा दावा प्रबंधात करू नये.

परंतु मला त्याहून मोठी शंका वेगळीच आहे, आणि ती तारखांविषयी आहे. सुई वयाने वाढते तशी तिच्यातील नत्र, स्फुरद आणि पालाश ही चल अन्नद्रव्ये झाड काढून नव्या वाढीकडे नेते. कॅल्शियम अचल आहे. ते एकदा पेशीभित्तिकेत बसले की परत निघत नाही, उलट सुई झाडावर असेपर्यंत साठत राहते. चिडाची जुनी पालवी उन्हाळ्यात, साधारणपणे एप्रिल ते जून या काळात गळते आणि त्याच सुमारास नवी पालवी येत असते. नोव्हेंबरात घेतलेली चालू वर्षाची पक्व सुई आणि मे महिन्यात घेतलेली मागील वर्षाची, गळतीकडे झुकलेली सुई यांची तुलना केली, तर पहिलीत नत्र, स्फुरद, पालाश जास्त आणि दुसरीत कॅल्शियम जास्त हेच चित्र दिसणार, मग दोन्ही सुया एकाच झाडाच्या असल्या तरीही. तुमच्या आकड्यांचा नकाशा या चित्राशी इतका तंतोतंत जुळतो, की जागा किंवा बियाणे यांच्याकडे वळण्याआधी मी सुईच्या वयाकडे बोट दाखवीन.

केळीत आपण वरून तिसरे पूर्ण उघडलेले पान घेतो आणि त्याच्या मधल्या भागाचा तुकडा काढतो. ही काही रूढी नव्हे. चौथे किंवा सातवे पान घेतले तर आकडा बदलतो आणि तक्त्याशी केलेली तुलना निरर्थक ठरते. पाइनलाही हाच नियम आहे. झाडाची वाढ थांबलेली असताना किंवा त्या वर्षाच्या सुया पूर्ण पक्व झाल्यावर, माथ्याच्या वरच्या तृतीयांश भागातील, उजेडात असलेल्या फांद्यांवरील चालू वर्षाच्या सुया घ्यायच्या असतात. अमेरिकेत लॉबलॉली पाइनचे नमुने हिवाळ्यात घेतात, तर न्यूझीलंडमध्ये रेडिआटा पाइनचे नमुने तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतात. महिना वेगळा असला तरी तत्त्व एकच आहे: ज्या काळात आकडे सर्वांत कमी हलतात तो काळ निवडायचा आणि सर्व ठिकाणी तोच पाळायचा. तुमच्या दोन्ही जंगलांचे नमुने एकाच पंधरवड्यात पुन्हा घ्या. निम्मा फरक तिथेच विरघळला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रयोगशाळेतील काही खाचाखोचाही सांगून ठेवतो. बोरॉन तपासायचे असेल तर बोरोसिलिकेट काचेची भांडी टाळावीत, कारण काचेतूनच बोरॉन येते. जस्तासाठी जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा रबरी हातमोजे वापरू नयेत. रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ असते आणि धुळीत लोह भरपूर असते, म्हणून न धुतलेल्या सुयांचा लोहाचा आकडा हा बहुधा रस्त्याचा आकडा असतो. फैजपूरकडच्या एका बागेतील केळीच्या पानांत जस्त इतके जास्त आले होते की मी शेतकऱ्याला जस्ताचा खर्च बंद करायला सांगणार होतो. आठवड्यापूर्वीच त्याने जस्ताची फवारणी केली होती आणि नमुना घेणाऱ्या मुलाने पाने नुसती पुसली होती, ही गोष्ट नंतर कळली. तो अहवाल मी आजही फाइलीत ठेवला आहे. लोहाच्या बाबतीत आणखी एक पेच असा की पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतके किंवा कधी त्याहून जास्तही निघते. झाडाला उपयोगी पडणारे सक्रिय लोह मात्र कमी असते. मोसंबीच्या त्या बागेत एकूण लोहाचा आकडा पाहून कोणीही खुंटावर संशय घेतला नसता.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे आनुवंशिकता आणि जागा यांच्या खऱ्या वाटणीकडे येऊ. या बाबतीत जगात सर्वांत जास्त अभ्यास झालेले झाड रेडिआटा पाइन आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील थोड्याशा टापूत आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवर नैसर्गिकरीत्या वाढणारे हे झाड न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिली येथे लाखो हेक्टरांवर लावले गेले, आणि परक्या मातीत गेल्यावर त्याने प्रत्येक कमतरता उघडी पाडली. ऑकलंडजवळच्या रिव्हरहेड जंगलातील चिकण मातीत स्फुरद इतके कमी होते की झाडे खुजी राहिली आणि सुपर फॉस्फेट दिल्यावर तेच जंगल उभे राहिले. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३० च्या दशकात पाइनचे शेंडे गुच्छासारखे होत असल्याचे कारण जस्ताची कमतरता असल्याचे उघड झाले. बोरॉन कमी असलेल्या जमिनीत अवर्षणाच्या वर्षी शेंडा मरतो. ही सर्व उदाहरणे जागेच्या बाजूची आहेत. जिथे एखादे अन्नद्रव्य मातीतच नाही, तिथे कोणत्याही कुळाचे बी आणले तरी ते शून्यातून काही काढू शकत नाही.

बियाण्याच्या बाजूचे सर्वांत बोलके उदाहरण मॅग्नेशियमचे आहे. न्यूझीलंडमध्ये रेडिआटा पाइनच्या माथ्याचा वरचा-मधला भाग पिवळा पडण्याचा एक विकार आहे आणि त्याचा संबंध सुयांतील कमी मॅग्नेशियमशी, तसेच पालाश आणि मॅग्नेशियम यांच्या बिघडलेल्या प्रमाणाशी आहे. एकाच जमिनीवर, एकाच वर्षी लावलेल्या वेगवेगळ्या कृंतकांमध्ये (क्लोनमध्ये, म्हणजे एकाच झाडापासून केलेल्या हुबेहूब रोपांच्या गटांमध्ये) एका कृंतकाची ओळ पिवळी आणि शेजारची हिरवी असे दृश्य तिथे दिसते. भडगावकडच्या मोसंबीचीच ही पाइनमधली आवृत्ती समजा. मात्र यातील महत्त्वाची अट नजरेआड करू नका: हा फरक मॅग्नेशियमची चणचण असलेल्या जमिनीतच डोळ्यांना दिसतो. भरपूर मॅग्नेशियम असलेल्या जमिनीत दोन्ही कृंतक हिरवेच राहतात. आनुवंशिकता आणि जागा हे बेरजेचे दोन आकडे नाहीत. जागा जितकी तोटकी, तितका बियाण्याचा गुण-अवगुण उघड होतो. काळ्या कसदार, चुनखडी नसलेल्या जमिनीत ते दोन्ही खुंट सारखेच हिरवे दिसले असते आणि मालकाला आपण दोन प्रकारची रोपे लावली आहेत याची आठवणही राहिली नसती.

अन्नद्रव्यनिहाय पाहिले तर माझे मत असे आहे की पाइनमध्ये नत्र आणि स्फुरद यांच्या आकड्यांवर जागेची पकड सहसा जास्त असते, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या आकड्यांत कुळाकुळांतील फरक तुलनेने स्पष्ट दिसतो. त्यामुळे "अन्नद्रव्यांवर आनुवंशिकतेचा परिणाम होतो का?" हा प्रश्न एकत्र विचारण्यात अर्थ नाही, तो प्रत्येक अन्नद्रव्यासाठी स्वतंत्र विचारावा लागतो आणि उत्तरेही स्वतंत्र येतात.

जागा या शब्दातही पुष्कळ काही दडलेले असते. तुम्ही जागा म्हणजे मातीचा अहवाल एवढेच धरले आहे. चिडाच्या जंगलात वणवा कधी लागला होता हे विचारावे, कारण राखेने काही काळ पालाश, कॅल्शियम आणि स्फुरद यांची उपलब्धता वाढते, तर नत्राचा बराच भाग धुरावाटे निघून जातो. गावकरी सुयांचा पालापाचोळा गोठ्यासाठी उचलून नेतात का, हे पाहावे. वर्षानुवर्षे पाला उचललेल्या जमिनीतून अन्नद्रव्येच उचलली गेलेली असतात. झाडांना लिशासाठी, म्हणजे राळेसाठी, चरे पाडले आहेत का, उतार दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, मातीची खोली किती, या गोष्टी नमुन्याच्या वहीत असल्याच पाहिजेत. आणि मुळांवरील बुरशी विसरू नका. पाइनची मुळे विशिष्ट बुरशींच्या साथीशिवाय स्फुरद नीट घेऊ शकत नाहीत. पोर्टो रिको बेटावर १९५० च्या दशकापर्यंत पाइनची रोपे पुन्हा पुन्हा पिवळी पडून मरत होती आणि पाइनच्या जंगलातील बुरशीयुक्त माती आणल्यावरच ती वाढू लागली. बाहेरून पाहणाऱ्याला ती बियाण्याची किंवा मातीची खोट वाटली असती.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे जास्त अन्नद्रव्ये असलेल्या झाडांचेच बी निवडावे का याचे, माझे उत्तर नकारार्थी आहे. टक्केवारी ही फसवी गोष्ट आहे. समजा, एका झाडाच्या १०० सुयांचे कोरडे वजन १० ग्रॅम आहे आणि नत्र १.४ टक्के आहे; म्हणजे त्या सुयांत १४० मिलिग्रॅम नत्र आहे. दुसऱ्या झाडाच्या १०० सुया १४ ग्रॅम भरल्या आणि नत्र १.२ टक्के निघाले, तर तिथे १६८ मिलिग्रॅम नत्र आहे. टक्केवारीने पहिले झाड श्रीमंत ठरते, पण जमिनीतून जास्त नत्र उचलले ते दुसऱ्याने, आणि जोमाने वाढून ते पातळ केले. वाढ खुंटलेल्या झाडात टक्केवारी उगाच चढलेली दिसू शकते. म्हणून नमुना ६५ ते ७० अंश सेल्सियसला वाळवल्यावर १०० सुयांचे वजन हा आकडा प्रत्येक झाडासाठी नोंदवा. त्याच्याशिवाय नत्राच्या आकड्याला मी अर्धेच मानतो. निवड करायचीच असेल तर कमी अन्नद्रव्याच्या जमिनीतही चांगली वाढ देणारे कूळ शोधावे, सुयांत साठा दाखवणारे नव्हे.

तुलनेसाठी रेडिआटा पाइनचे प्रचलित निकष येथे देतो: नत्र १.२ टक्क्यांखाली असेल तर कमतरता आणि १.५ टक्क्यांच्या वर असेल तर पुरेसे. स्फुरद अनुक्रमे ०.१२ आणि ०.१४ टक्के, मॅग्नेशियम ०.०७ आणि ०.१० टक्के, बोरॉन दशलक्ष भागांत ८ आणि १२ भाग. हे आकडे चिडाला जसेच्या तसे लावू नका. ते त्या जातीचे, त्या ऋतूचे आणि त्या फांदीवरच्या सुईचे आहेत. बसराई केळीचा तक्ता कागदी लिंबाला लावण्यासारखे ते होईल. येथे एक अवांतर गोष्ट सांगतो. आपल्याकडे शाळांच्या आणि बंगल्यांच्या आवारातील सुरूच्या झाडाला पुष्कळ लोक पाइन समजतात, आणि एका हौशी विद्यार्थ्याने त्याच्या सुयांचा अहवाल पाइनच्या निकषांशी ताडून पाहिला होता. सुरूच्या त्या सुया मुळात पाने नसून बारीक फांद्या आहेत, आणि त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव हवेतील नत्र स्थिर करतात. त्या तुलनेतून काय निष्पन्न होणार?

आता प्रयोग कसा बांधावा याविषयी. बी आणि जागा यांची गाठ सोडवण्याचा एकच मार्ग आहे: एकच कुळे (एका झाडाच्या बियांची रोपे म्हणजे एक कूळ) दोन किंवा अधिक जागी, प्रत्येक जागी पुनरावृत्तीसह वाढलेली असली पाहिजेत. पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांत अशी लागवड मोठी होणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून देहरादून किंवा शिमला येथील वन संशोधन संस्थांकडे चिडाच्या बीजस्रोतांची किंवा कुळांची जुनी चाचणी लागवड उभी आहे का याची आधी चौकशी करा. उभ्या झाडांच्या सुया घेण्याची परवानगी मिळाली तर तुमचे पंधरा वर्षांचे काम आयते मिळेल. तसे न जमल्यास कुंड्यांचा प्रयोग करा. दोन्ही जंगलांतून दहा-बारा झाडांचे बी प्रत्येक झाडाचे वेगळे ठेवून आणा, दोन्ही जंगलांची माती आणा आणि प्रत्येक कूळ दोन्ही मातींत लावा. प्रत्येक बीचे वजन नोंदवा, कारण जाड बी रोपाला पहिल्या वर्षी शिदोरी देते आणि तो आईचा वाटा आनुवंशिक गुण म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. दोन्ही मातींत पाइनखालची बुरशीयुक्त माती सारख्याच प्रमाणात मिसळा.

आकडेमोडीत एक गोष्ट लक्षात ठेवा. चिडाचे परागण वाऱ्याने होते, त्यामुळे एका झाडावरच्या बियांची आई एक, पण बाप अनेक असतात. ती सर्व रोपे सावत्र भावंडे होत. अशा कुळांकुळांमधील विचरण (म्हणजे फरकाचे माप) हे एकूण संचयी आनुवंशिक विचरणाचा, म्हणजे आई-बापांकडून बेरजेने उतरणाऱ्या फरकाचा, चौथा भाग असते. समजा, मॅग्नेशियमच्या एकूण विचरणाचे १०० भाग धरले आणि कुळांचा वाटा ८ भाग आला, तर आनुवंशिकतेचा अंदाज ४ गुणिले ८ भागिले १००, म्हणजे ०.३२ येतो. हा आकडा त्या वयापुरता आणि त्या जमिनीपुरता असतो. एकाच जागी केलेल्या चाचणीत कूळ आणि जागा यांच्या परस्परक्रियेचा भागही त्याच ८ भागांत लपलेला असतो, म्हणून एका जागेवरचा अंदाज नेहमी फुगलेला येतो. दोन जागा असल्या तर कुळांचा क्रम दोन्हीकडे तोच राहतो का हे पाहा. क्रम तोच राहून केवळ अंतर कमी-जास्त झाले, तर निवडीला अडचण नाही. क्रमच उलटला, म्हणजे खालच्या मातीत पहिले असलेले कूळ वरच्या मातीत शेवटी गेले, तर प्रत्येक जागेसाठी वेगळे बी शोधावे लागेल, आणि तो निष्कर्ष तुमच्या प्रबंधाच्या सध्याच्या शीर्षकापेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

नमुने घ्यायला पुन्हा जाल तेव्हा सुया कागदी पिशवीत भरा, प्लॅस्टिकमध्ये त्या घामाने काळवंडतात. आणि पिशवीवर झाडाचा क्रमांक, तारीख व फांदीची दिशा शिसपेन्सिलीने लिहा, कारण ओल्या सुयांमुळे शाई पसरते आणि वाळवणीच्या कपाटातून निघालेल्या चाळीस कोऱ्या पिशव्या ओळखणे कोणालाच शक्य होत नाही.